पिल्लाची हमी कोणी घ्यावी?

'धर्माची गाय आणि दात कां गे नाय' ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. फुकट मिळालेल्या जनावराचे दात मोजत बसू नये, असा तिचा अर्थ. परंतु या म्हणीला दुसरीही बाजू आहे, ती आपण सहसा बोलून दाखवीत नाही. ज्या गाईसाठी पदरचे पैसे मोजले, तिचे दात मात्र मोजलेच पाहिजेत. आणि सांगितले एक व निघाले दुसरे, असे झाले तर विकणाऱ्यास जाब विचारता आला पाहिजे.

आपल्या फोंड्याच्या बुधवारपेठेत मासळी घेणारी गृहिणी कल्ला उचलून पाहिल्यावाचून पैसे देत नाही. नारळ कानाशी धरून हलविला जातो, कलिंगडावर टिचकी मारली जाते. परंतु हीच चोखंदळ माणसे दहा-पंधरा हजारांचे कुत्र्याचे पिल्लू घेताना त्याचे ओले नाक आणि हलती शेपटी पाहून विरघळतात. ना पावती मागतात, ना प्रश्न विचारतात. नारळ नासका निघाला तर थोडेसे पैसे जातात. पिल्लू नासके निघाले तर पैसे जातातच, शिवाय घरातील मुलांच्या मनावर जो घाव बसतो तो वेगळाच.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी कुटुंबातील सर्वांना उपयोगी पडेल असे काही लिहावे, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले. तेव्हा मनात हाच विषय आला. त्यास कारणही तसेच घडले होते.

एका विद्यार्थ्याचा प्रश्न

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या वडिलांचे लहानसे कुळागर आहे. माकडांचा उपद्रव वाढला म्हणून, आणि त्याहूनही अधिक मुलाच्या हट्टाखातर, वडिलांनी बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू बारा हजार रुपयांस आणले. 'पंचेचाळीस दिवसांचे आहे, पहिली लस झालेली आहे, पूर्ण गॅरंटी आहे,' असे विक्रेता म्हणाला. कागद कसलाच नव्हता.

चौथ्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले. पाचव्या दिवशी उलट्या व रक्ताची हगवण सुरू झाली. सहाव्या दिवशी पहाटे ते गेले. गुरांच्या डॉक्टरांनी 'पार्व्हो' हा रोग सांगितला. वडिलांनी विक्रेत्यास फोन केला. तो म्हणाला, 'माझ्याकडून धडधाकट गेले होते. तुमच्याकडचे पाणी बाधले असेल. तरीपण गॅरंटी म्हणजे गॅरंटी. आठवड्याभरात दुसरे पिल्लू देतो, घेऊन जा.'

वडील आमच्याकडे आले ते अर्ज लिहून घेण्यासाठी. 'सर, तुम्ही दोन अक्षरे लिहून द्या, म्हणजे पैसे तरी मिळतील,' असे त्यांचे म्हणणे. मुलगा उंबऱ्याशी उभा होता. त्याने हळूच विचारले, 'सर, दुसरे दिले म्हणजे पहिल्याची गॅरंटी पुरी झाली काय?'

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही. पुढे आम्ही कायद्याची पुस्तके चाळली, पशुवैद्यांना भेटलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

तंटा जुनाच आहे

विकत घेतलेल्या जनावरात दोष निघाला तर काय करावे, हा तंटा बाजाराइतकाच जुना आहे. आपले शेतकरी घाटावरच्या बाजारात बैल घेण्यास जात, तेव्हा बैलाचा जबडा उघडून तो आदत आहे, दोनदाती, चारदाती की जुळलेला, हे पाहिल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नसत. बैल चालवून पाहावयाचा, जमल्यास जुंपून पाहावयाचा, आणि 'काही खोड आहे काय?' असे तोंडावर विचारावयाचे. बसका किंवा मारका बैल खोड लपवून विकणाऱ्याचे नाव बाजारात खराब होई.

आपल्या पूर्वजांनी या विषयाचा किती बारीक विचार केला होता, हे पाहून आम्हांस आश्चर्य वाटले. याज्ञवल्क्य स्मृतीत खरेदी केलेल्या वस्तूची परीक्षा किती दिवसांत करावी याची यादीच दिलेली आहे. बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक दिवस, ओझे वाहणाऱ्या जनावरास पाच दिवस, रत्नांस सात दिवस आणि दुभत्या जनावरास तीन दिवस. म्हणजे सर्व मालास एकच मुदत नाही. ज्या वस्तूचा दोष जितक्या दिवसांत उघडा पडतो, तितकी तिची मुदत.

इस्लामी धर्मशास्त्रातही 'खियार-उल-ऐब', म्हणजे दोष आढळल्यास सौदा मोडण्याचा अधिकार, हे स्वतंत्र प्रकरण आहे. जनावराची धार दोन-तीन दिवस न काढता कास फुगवून दाखवावयाची आणि भरपूर दूध देणारे जनावर म्हणून ते विकावयाचे, ही लबाडी अरबस्तानातही चालत असे. पैगंबर साहेबांनी ती मना केली. अशा रीतीने फसलेल्या माणसाने हवे तर जनावर ठेवावे, नको तर परत करावे, असा निवाडा त्यांनी दिला. आणि काही हदीसांत यास तीन दिवसांची मुदत सांगितली आहे. मात्र परत करताना, मध्यंतरी काढलेल्या दुधाबद्दल घेणाऱ्याने एक साअ खजूर विकणाऱ्यास द्यावा, असेही त्यात आहे. दुभत्या जनावरास तिकडेही तीन दिवस आणि इकडेही तीन दिवस, हे पाहून मौज वाटते. प्राचीन रोममध्येही गुलाम व गुरे विकणाऱ्याने त्यांचे रोग व दोष आधीच जाहीर केले पाहिजेत, असा बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचा हुकूम होता.

या सर्वांतून तीन गोष्टी निघतात. पहिली, मुदत ही दोषाच्या स्वभावाप्रमाणे असावी. दुसरी, ठाऊक असलेला दोष लपविणे हे विकणाऱ्याचे पाप होय. आणि तिसरी, जनावर परत करणाऱ्याकडेही काही देणे लागते. हमी ही एका बाजूची नसते.

कायद्यातील घोडा

आता सध्याच्या कायद्याकडे वळू. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमाखाली एका घोड्याचे उदाहरण दिलेले आहे. 'अ' हा 'ब' यास लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे 'अ' यास ठाऊक आहे, पण तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. परंतु 'ब' ही 'अ' याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे हे 'अ' याचे कर्तव्य ठरते. याच्याही पुढचे उदाहरण असे: 'ब' म्हणतो की तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन, आणि 'अ' गप्प राहतो. येथे 'अ' याचे मौन हे बोलण्यासारखेच धरले जाते.

या घोड्याने आम्हांस बरेच शिकविले. न विचारणाऱ्यास कायदा फारसे वाचवीत नाही, विचारणाऱ्यास वाचवितो. यास्तव पिल्लू घेण्यापूर्वी विक्रेत्यास मोबाइलवर दोन ओळी लिहून पाठवाव्यात: 'पिल्लास किंवा त्याच्या आईबापास कोणताही रोग अथवा जन्मजात दोष नाही, असे समजून आम्ही हे घेत आहोत. तसे नसल्यास कळवावे.' एवढ्या दोन ओळींनी आपण लिलावातील मुक्या गिऱ्हाइकाच्या जागेवरून प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाच्या जागी येतो.

१९३० च्या माल विक्री कायद्याच्या दृष्टीने जनावर हाही 'माल'च. ऐकावयास कठोर वाटते, पण त्यामुळेच घेणाऱ्यास संरक्षण मिळते. हा कायदा 'शर्त' आणि 'हमी' यांत भेद करतो. शर्त मोडली तर माल परत करता येतो. हमी मोडली तर केवळ नुकसानभरपाई मागता येते. एकदा माल स्वीकारला की सामान्यतः शर्तीचा भंगही हमीच्या भंगासारखाच धरला जातो. तो माल विकणे हाच ज्याचा धंदा आहे अशा विक्रेत्यास आपण आपला उद्देश सांगितला आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो त्या उद्देशास योग्य असला पाहिजे. मात्र घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत सहज दिसावयास हवा होता अशा दोषाबद्दल नंतर ओरड करता येत नाही.

दोष तीन प्रकारचे

'गॅरंटी आहे' या दोन शब्दांत सगळा घोटाळा आहे. कशाची गॅरंटी आणि किती दिवसांची? पिल्लाचे दोष तीन वेगवेगळ्या प्रकारचे असतात, आणि प्रत्येकाची मुदत व जबाबदारी वेगळी आहे.

पहिला प्रकार सांसर्गिक रोगांचा. पार्व्हो व डिस्टेंपर हे त्यांतील मुख्य. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून रोगाची लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. क्वचित चौदा दिवसही लागतात. म्हणजे घरी आणल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच पिल्लू आजारी पडले, तर रोग विक्रेत्याकडूनच आला, असे बहुधा म्हणता येते. पहिल्या आठवड्यातही संशय मुख्यतः तिकडेच जातो. तीन आठवड्यांनी आजारी पडले, तर रोग आपल्या अंगणातला समजावा. डिस्टेंपरला यापेक्षा अधिक दिवस लागू शकतात.

येथे 'पंचेचाळीस दिवसांचे' आणि 'पहिली लस झाली' या दोन वाक्यांचा खरा अर्थ कळतो. पिल्लास आईच्या चिकातून काही काळ रोगापासून संरक्षण मिळते. ते सहाव्या ते सोळाव्या आठवड्याच्या दरम्यान ओसरत जाते. कोणाचे लवकर, कोणाचे उशिरा. ते अंगात असेपर्यंत लसही नीट लागू पडत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पहिली लस देऊन पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत, ती पुनःपुन्हा द्यावी लागते. पंचेचाळीस दिवसांचे, एकच लस झालेले पिल्लू हे किल्ल्याची एकच भिंत उभी असताना लढाईस पाठविण्यासारखे आहे. 'लस झाली' म्हणणारा खोटे बोलत नसेल, पण पुरे खरेही बोलत नाही.

दुसरा प्रकार जन्मजात पण तपासल्यास तेव्हाच दिसणाऱ्या दोषांचा. दुभंगलेली टाळू, बेंबीचा अंतर्गळ, हृदयातील मर्मर, नर पिल्लाचे वृषण खाली न उतरणे, बहिरेपणा हे दोष यात येतात. काळे ठिपके असणाऱ्या डाल्मेशियन जातीत बहिरेपणा विशेष आढळतो. यांतील बहुतेक दोष पशुवैद्यास एका भेटीत कळतात. वृषणासाठी मात्र पिल्लू थोडे मोठे होईपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून पिल्लू घरी नेण्यापूर्वी, किंवा फार तर दोन-तीन दिवसांत, डॉक्टरांस दाखविणे हे घेणाऱ्याचे काम. ते त्याने केले नाही, तर सहा महिन्यांनी अंतर्गळाबद्दल विक्रेत्याशी भांडण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड. तो आनुवंशिक, परंतु उशिरा उमटणाऱ्या दोषांचा. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष आढळतो. त्यास हिप डिसप्लेशिया म्हणतात. काही जातींत डोळ्याचा आतला पडदा हळूहळू झिजत जाऊन कुत्रा आंधळा होतो. दोन महिन्यांच्या पिल्लाकडे पाहून हे कोणासही सांगता येणार नाही. येथे 'खाण तशी माती' हीच परीक्षा. पिल्लापेक्षा त्याच्या आईबापाकडे पाहावे. आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत काय, मागच्या वेतातील पिल्ले कशी निघाली, हे विचारावे. ज्याने आईबापांची तपासणी करून घेतली तो पैदासकार आपल्या जबाबदारीस जागला. ज्याने दोष माहीत असून त्याच जोडीचे पुन्हा वेत काढले, त्याने मात्र पुढच्या प्रत्येक घराचा अपराध केला.

तथापि या तिसऱ्या प्रकारातही सारा भार पैदासकारावर टाकता येत नाही. खुब्याचा दोष अनेक जनुकांच्या मेळाने होतो; निर्दोष आईबापांच्या पोटीही तो येऊ शकतो. शिवाय तो वाढविणे न वाढविणे पुष्कळसे आपल्या हाती असते. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेतातील भावंडांच्या जोड्या लावून एकास नेहमीचे खाणे व दुसऱ्यास त्याच्या तीन-चतुर्थांश खाणे दिले. कमी खाणाऱ्यांच्या सांध्यांचा त्रास उशिरा सुरू झाला आणि ती सरासरीने सुमारे पावणेदोन वर्षे अधिक जगली. आपल्याकडे प्रेमापोटी पिल्लास लाडू, बिस्किटे, तूपभात चारून गुबगुबीत करतात, गुळगुळीत लादीवर घसरू देतात आणि मग खुबा दुखू लागला की विक्रेत्यास बोल लावतात.

दुसरे पिल्लू ही हमी नव्हे

पुष्कळ विक्रेत्यांची गॅरंटी म्हणजे 'मेले तर दुसरे देऊ' एवढीच असते. आम्ही चौकशी करण्यापूर्वी आम्हांसही ती उदार वाटली होती. परंतु तिच्यात दोन मोठी व्यंगे आहेत.

पार्व्होचा विषाणू अतिशय चिवट असतो. जमिनीत, फटींत, गोणपाटात तो कित्येक महिने जिवंत राहतो. साध्या साबणाने किंवा फिनेलने तो मरेल याचा भरवसा नाही. ब्लीच एकास तीस भाग पाणी या प्रमाणात मिसळून, आधी स्वच्छ धुतलेल्या जागेवर दहा मिनिटे ओले ठेवावे लागते. मातीचे अंगण तर असे धुताही येत नाही. अशा घरात आठवड्याभरात दुसरे कोवळे पिल्लू आणणे म्हणजे त्यासही त्याच वाटेने धाडणे होय. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांस डॉक्टरांनी हेच बजावले. म्हणजे विक्रेत्याची गॅरंटी पाळली गेली असती, तर दुसरा जीव गेला असता.

दुसरे व्यंग मनाचे आहे. आनुवंशिक दोष वर्षाने उमटतो. तोवर पिल्लू घरचे झालेले असते. त्यास नाव असते, त्याची झोपण्याची जागा ठरलेली असते. 'ते आणून द्या, दुसरे घेऊन जा' असे म्हणणाऱ्यास पुरते ठाऊक असते की कोणीही परत आणणार नाही. कोणी वापरणार नाही असा हक्क देणे हे फार स्वस्त औदार्य आहे. खरी हमी ती, जी पिल्लू घरीच ठेवून औषधोपचाराचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत देते. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या कायद्यात हीच सोय आहे. रोगासाठी चौदा दिवस व जन्मजात किंवा आनुवंशिक दोषासाठी एक वर्ष, अशी मुदत तेथे आहे. त्या मुदतीत पशुवैद्याने दोष लिहून दिल्यास परत करणे, बदलून घेणे, किंवा ठेवून घेऊन किमतीइतक्या मर्यादेत उपचारखर्च मागणे, यांपैकी एक निवडता येते. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालची पिल्ले दलालामार्फत विकण्यास बंदी आहे; घेणाऱ्यास पिल्लू त्याच्या आईजवळच पाहावयास मिळाले पाहिजे.

येथे आणखी एका कागदाविषयी सांगितले पाहिजे. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडिया या संस्थेचे नोंदणीपत्र दाखवून 'कागदाचे पिल्लू' म्हणून अधिक किंमत घेतली जाते. तो कागद पिल्लाचे कूळ सांगतो. प्रकृती सांगत नाही. जन्मदाखला आणि डॉक्टरांचा दाखला यांत जो फरक, तोच येथे.

आपला कायदा आज काय देतो

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखाली २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री यांचे नियम झाले. त्यांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. म्हणजे छपन्न दिवस भरले पाहिजेत, आणि पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू विकणारा पैदासकार स्वतःच्या तोंडाने नियमभंग कबूल करीत असतो. मादी दीड वर्षाची होण्यापूर्वी तिचे वेत काढू नये, वर्षातून एकापेक्षा अधिक वेते घेऊ नयेत, आणि आयुष्यात पाचापेक्षा अधिक घेऊ नयेत, असेही नियम आहेत. पिल्लाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळख पटविणारी चिप बसवावयाची असते.

ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली आला. त्याच्या जागी २०१९ चा कायदा २०२० पासून अमलात आहे. धंदा म्हणून विकणाऱ्याने बिल न देणे, आणि सदोष माल परत घेऊन पैसे देण्याचे नाकारणे, या दोन्ही गोष्टी त्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नमूद आहेत. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. म्हणून 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालास लागू पडत नाही. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात असल्याने आपल्याला मडगावास जावे लागते. पेडणे-डिचोलीकडील आप्तेष्टांस पर्वरीस. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी नाही आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

मात्र पुराव्यावाचून आयोग काय करणार? पिल्लू आजारी पडताच डॉक्टरांकडून निदान तारखेसह लिहून घ्यावे, विष्ठेची तपासणी करून घ्यावी, विक्रेत्यास त्याच दिवशी लेखी कळवावे. आणि ते दगावल्यास, मन कठोर करून, पुरण्यापूर्वी शवविच्छेदन करून घ्यावे. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी यांतील निदानाचा कागद तेवढा जपला होता. त्या एका कागदावर आणि 'पंचेचाळीस दिवस' लिहिलेल्या मोबाइलवरील संदेशावर आम्ही विक्रेत्यास पत्र लिहिले. महिन्याभराने त्याने आठ हजार रुपये परत केले. आयोगाकडे जाण्याची वेळ आली नाही.

विक्रीपत्रात काय असावे

वाचकांच्या सोयीसाठी आम्ही एक साधा नमुना देत आहोत. साध्या कागदावर, दोघांच्या सह्यांनी, एवढे लिहून घ्यावे:

१. पिल्लाची जन्मतारीख, रंग, लिंग, चिपचा क्रमांक, आणि आईबापांची ओळख.

२. दिलेल्या लसी व जंतांच्या औषधाच्या तारखा, आणि ते देणाऱ्या पशुवैद्याचे नाव.

३. घेणारा तीन दिवसांत आपल्या पशुवैद्याकडून तपासणी करून घेईल. गंभीर दोष आढळल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल.

४. चौदा दिवसांत सांसर्गिक रोग झाल्यास उपचाराचा खर्च, किमतीच्या मर्यादेत, विक्रेता देईल. पिल्लू दगावल्यास रक्कम परत मिळेल.

५. एक वर्षात आनुवंशिक दोष सिद्ध झाल्यास पिल्लू घेणाऱ्याकडेच राहील आणि विक्रेता ठरलेली रक्कम उपचारासाठी देईल.

६. घेणारा उरलेल्या लसी वेळेवर देईल, त्या पुऱ्या होईपर्यंत पिल्लास रस्त्यावर व इतर कुत्र्यांत फिरविणार नाही, आणि योग्य आहार देईल. यात कसूर झाल्यास हमी राहणार नाही.

७. घेणाऱ्यास पिल्लू सांभाळणे अशक्य झाल्यास विक्रेता ते परत घेईल. ते रस्त्यावर सोडले जाणार नाही.

सहावे कलम पाहून काहींना वाटेल की हे विक्रेत्याच्या सोयीचे आहे. तसे नव्हे. दूध काढून घेऊन जनावर परत करणाऱ्याने खजूर द्यावा, असा जो जुना न्याय, तोच हा. जो या सात ओळींवर सही करण्यास तयार नाही, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. आमच्या अनुभवास आले आहे की प्रामाणिक पैदासकार उलट आपणांसच प्रश्न विचारतो: घर केवढे आहे, दिवसा कोण असते, मुले किती लहान आहेत. असा माणूस भेटला तर तो किंमत थोडी अधिक सांगेल, तरी सौदा स्वस्तच समजावा.

शेजाऱ्याच्या घरच्या कुत्रीचे पिल्लू आणले तर ग्राहक कायदा बहुधा लागू पडणार नाही, कारण शेजारी हा व्यापारी नव्हे. तेथे शेजारधर्म हीच हमी.

त्या मुलाने पुढे असेच केले. सहा महिने थांबून, त्याने वाड्यावरच्या एका गावठी कुत्रीचे, नऊ आठवड्यांचे तपकिरी पिल्लू आणले. पैसे पडले नाहीत. धर्माचीच गाय ती. परंतु दुसऱ्याच दिवशी वडील आणि मुलगा त्यास घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्याचे डोळे, कान, टाळू, छाती सर्व तपासून घेतले. पुढच्या लसींच्या तारखा मुलाने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या. आज ते कुत्रे कुळागराची राखण करते.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस आता देता येईल. नाही बाळ, दुसरे दिल्याने पहिल्याची हमी पुरी होत नाही. विकणाऱ्याने पिल्लू विकण्यापूर्वी घ्यावयाची ती त्याची हमी, आणि आपण ते उंबऱ्याच्या आत घेतल्यापासून घ्यावयाची ती आपली. पहिली मोडली तर कायदा आहे. दुसरी मोडली तर विचारणारा कोणी नाही. म्हणूनच ती अधिक जपावयाची.